हरकत आहे

‘घेऊन बघायला काय हरकत आहे?’ मेंदूसाठी गोळ्या, पावडरी आणि सिरप विकणाऱ्याचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं. त्याआधी तो बरंच काही बोललेला असतो: ब्राह्मी, ओमेगा-थ्री, जिंको, परदेशातलं संशोधन, कुणाच्या तरी मुलाचे वाढलेले मार्क. शंका काढली की हे सगळं बाजूला ठेवून तो या वाक्यावर येतो. आळे, आळेफाटा, ओतूर, नारायणगाव, मंचर या पट्ट्यात ते मी अनेक घरांत ऐकलं आहे. विकणारा बहुधा परका नसतो. भाचा असतो, शेजारी असतो, मुलीच्या मैत्रिणीचे वडील असतात. त्यामुळे नाही म्हणणं जिवावर येतं आणि डबा घरात येतो.

माझं उत्तर स्पष्ट आहे. हरकत आहे, आणि ती मांडलीच पाहिजे. ही विक्री दोन प्रकारच्या भीतीवर चालते. बारावीला, नीटला, एमपीएससीला बसलेल्या मुलांच्या आईवडिलांची एक भीती, आणि घरातलं म्हातारं माणूस नावं विसरू लागलं की त्याच्या मुलांना वाटणारी दुसरी. दोघांनाही आपल्या माणसासाठी मनापासून काहीतरी करायचं असतं. त्या मायेचे पैसे करणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

त्यांचा पहिला मुद्दा असा की हल्लीच्या अन्नात कस राहिलेला नाही, प्रत्येकाच्याच मेंदूला पोषण कमी पडतं. यातला अर्धा भाग खरा आहे, म्हणून तो नीट तपासायला हवा. आपल्या भागात मेंदूला लागणारी काही द्रव्यं खरोखर कमी आहेत. ती कोणती, किती कमी आणि कुणाला कमी, हे शोधण्याचं काम आपल्याच जिल्ह्यात झालेलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. त्या बायकांची मुलं मोठी होत गेली आणि अभ्यास त्यांच्याबरोबर चालत राहिला. त्यात पुन्हा पुन्हा समोर आलेली एक गोष्ट म्हणजे जीवनसत्त्व बी-१२ची कमतरता. याच गटाने शहरी मध्यमवर्गातल्या, झोपडपट्टीतल्या आणि खेड्यांतल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं. २००६ मध्ये छापलेल्या त्या निष्कर्षांत ६७ टक्के पुरुषांचं बी-१२ कमी होतं. सगळ्यांत वाईट अवस्था शहरी मध्यमवर्गाची निघाली, तिथे हे प्रमाण ८१ टक्के होतं. पैसा असला म्हणजे पोषण असतंच असं नाही.

बी-१२ कमी असण्याचा मेंदूशी संबंध काय, हेही त्यांनी पाहिलं. गरोदरपणात ज्यांचं बी-१२ फार कमी होतं अशा आयांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर त्यांच्या चाचण्या घेतल्या. लक्ष एकाग्र ठेवण्याच्या आणि ऐकलेले आकडे उलट क्रमाने सांगण्याच्या चाचण्यांत ही मुलं इतरांपेक्षा मागे पडली. पुढे २०१२ मध्ये त्याच खेड्यांतल्या किशोरवयीन मुलामुलींना रोज अवघं २ मायक्रोग्रॅम बी-१२ देण्याचा प्रयोग सुरू झाला. एका गटाला नुसतं बी-१२, दुसऱ्याला त्याबरोबर इतर अनेक सूक्ष्म पोषकद्रव्यं, तिसऱ्याला कसलंच औषध नसलेली दिखाऊ गोळी. त्यातल्या मुली आया झाल्या, त्यांची बाळं दोन वर्षांची झाली. आकलन आणि भाषा या दोन बाबतींत नुसतं बी-१२ घेतलेल्या आयांची बाळं दिखाऊ गोळीच्या गटापेक्षा पुढे दिसली. अनेक द्रव्यं एकत्र दिलेल्या गटात मात्र तसा फरक आढळला नाही. अभ्यास लहान आहे आणि त्यावर फार मोठा इमला बांधू नये, हे मला मान्य आहे. पण डब्यावर बत्तीस घटकांची यादी दाखवून ‘यात सगळंच आहे’ म्हणणाऱ्याने तो एकदा वाचावा.

आपल्याकडचा शेतकरी हे तत्त्व चांगलं ओळखतो. कांदा किंवा टोमॅटो पिवळा पडला की तो नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात माती तपासायला नेतो. जस्त कमी असेल तर जस्त टाकतो आणि पीक उठतं. जमिनीत जस्त पुरेसं असताना आणखी टाकलं तर पैसा जातो, पीक दुप्पट होत नाही. पूरक गोळीचं काम एवढंच आहे. उणीव असेल तर ती भरते. उणीव नसलेल्या मेंदूला ती आहे त्याहून तल्लख करते, याला भरवशाचा पुरावा नाही.

या उणिवा भरण्याची साधनं तर इतकी स्वस्त आहेत की त्यांच्यासाठी कुणी हॉलमध्ये मीटिंग घेत नाही. आयोडीन घ्या. गर्भात आणि बालपणी आयोडीन कमी पडलं तर बुद्धीची वाढ खुंटते, आणि ते नुकसान पुढे भरून येत नाही. जगात टाळता येण्याजोग्या मतिमंदत्वाचं हे सर्वांत मोठं कारण मानलं जातं. देशाने १९६२ मध्ये गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला आणि पुढे मिठातूनच आयोडीन घराघरांत पोचवलं. मेंदूसाठी आजवर दिलेलं सर्वांत गुणकारी पूरक कोणतं, तर हे मीठ. लोहाचंही तसंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या ६८.९ टक्के मुलांत आणि १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांत रक्त कमी आढळलं. रक्त कमी असलेली मुलगी वर्गात पेंगते, दमते, वाचलेलं तिच्या लक्षात राहत नाही. तिच्यासाठी लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची निळी गोळी शाळेत आठवड्यातून एकदा फुकट मिळते. ती गोळी दप्तराच्या तळाशी पडून राहते आणि त्याच मुलीसाठी घरात हजारोंची पावडर येते, याचं मला फार वाईट वाटतं.

दुधाविषयीही बोललं पाहिजे. बी-१२ वनस्पतीत नसतं. ते दूध, अंडी, मासे, मटण यांतून येतं. आपल्याकडे पुष्कळ घरं माळकरी आहेत, तिथे अंडं शिजणार नाही, आणि ज्याचा त्याचा आचार मला आदराचाच आहे. पण मग दूध-दह्यावर सगळी भिस्त येते. मोठा पेलाभर दूध दिवसाच्या गरजेचा तिसरा हिस्सा ते निम्मा वाटा भागवू शकतं. दोन गाई दारात असलेल्या घरात सकाळ-संध्याकाळचं दूध डेअरीला जातं आणि पोराच्या वाट्याला चहातलं येतं. त्या दुधाच्या पैशांतूनच डब्याचा हप्ता फेडला जातो.

विक्रेत्याचा दुसरा मुद्दा संशोधनाचा. ‘अमेरिकेत सिद्ध झालंय,’ तो म्हणतो. तर अमेरिकेतलंच पाहू. जिंको या झाडाच्या पानांचा अर्क जगभर स्मरणशक्तीसाठी विकला जातो. ७५ वर्षांवरच्या ३०६९ माणसांवर तिथे त्याची चाचणी झाली. रोज दोन वेळा १२० मिलिग्रॅम, सरासरी सहा वर्षं. २००८ मध्ये निकाल आला: जिंको घेणाऱ्यांत आणि दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश होण्याच्या प्रमाणात फरक नाही. जेलीफिशमध्ये सापडणाऱ्या प्रथिनापासून केलेलं प्रेव्हाजेन तिथे टीव्हीवर जाहिराती करून प्रचंड विकलं गेलं. कंपनीने २१८ लोकांवर स्वतःच अभ्यास केला होता. एकूण गटात गोळीचा परिणाम दिसला नाही, तेव्हा गटाचे लहान लहान तुकडे पाडून त्यांतला सोयीचा आकडा जाहिरातीत घेतला गेला. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने आणि न्यूयॉर्क राज्याने २०१७ मध्ये खटला भरला आणि २०२४ अखेर न्यायालयाने स्मरणशक्तीबद्दलचे ते दावे करायला मनाई केली. सात वर्षं लागली. तोपर्यंत गोळी विकली जातच होती.

आपल्या देशातला पुरावाही आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने निवासी शाळेतल्या ६ ते १५ वर्षांच्या मुलांना १४ महिने सूक्ष्म पोषकद्रव्यं मिसळलेलं पेय देऊन पाहिलं. लक्ष एकाग्र करण्यात सुधारणा दिसली, ती मान्य करायलाच हवी. पण बुद्ध्यांक, स्मरणशक्ती आणि शाळेतले गुण यांत लक्षणीय फरक पडला नाही. आणि आईबाप पैसे मोजतात ते याच तीन गोष्टींसाठी. २००८ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियंत्रकांनी हॉर्लिक्सची एक जाहिरात रोखली. हे प्यायल्याने मुलं अधिक उंच, बळकट आणि तल्लख होतात, हा त्यातला दावा त्यांना पुराव्याने पटला नाही. ती जाहिरात बांगलादेशासाठी बनवलेली होती आणि एका नेपाळी वाहिनीवरून ब्रिटनमध्ये दिसली होती. ती ब्रिटनच्या प्रेक्षकांसाठी नव्हतीच, असं कंपनीने सांगितलं. म्हणजे लंडनच्या मुलांच्या आईबापांना जे सांगायचं नाही, ते ढाक्याच्या मुलांच्या आईबापांना खुशाल सांगायचं. आळ्यातली आई या हिशेबात कुठल्या बाजूला बसते, हे सांगायला नको.

माझ्या म्हणण्याविरुद्ध जाणारे अभ्यासही मांडायला हवेत. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या दोन हजारांहून जास्त लोकांना तीन वर्षं रोज साधी मल्टिव्हिटॅमिन गोळी दिली, तेव्हा स्मरणाच्या चाचण्यांत थोडा फायदा दिसला. हे २०२२चं आहे. ऑक्सफर्डमध्ये २०१० साली विस्मरण सुरू झालेल्या माणसांना बी गटातली जीवनसत्त्वं दिली, तेव्हा मेंदू आकसण्याचा वेग कमी झाला. ज्यांच्या रक्तात होमोसिस्टीन वाढलेलं होतं, म्हणजे ही जीवनसत्त्वं कमी पडत असल्याची खूण ज्यांच्यात होती, त्यांना फायदा जास्त झाला. ब्राह्मीवरही बारा आठवड्यांच्या काही लहान चाचण्या झाल्या आहेत आणि वाचलेले शब्द थोड्या वेळाने आठवण्यात माफक सुधारणा नोंदली गेली आहे. हे मी नाकारत नाही. पण यांतल्या एकाही अभ्यासातून सतरा वर्षांच्या धडधाकट मुलाला नीटमध्ये पन्नास गुण जास्त मिळतील असं निघत नाही, आणि डबा विकताना नेमकं तेच सांगितलं जातं.

‘आयुर्वेदिक आहे, त्रास तर होणार नाही ना?’ हा तिसरा मुद्दा. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागातली आदिवासी माणसं पिढ्यान्‌पिढ्या हिरडा वेचत आली आहेत. वनस्पतींत गुण नाहीत असं म्हणणारा माणूस इथला नसेल. आणि गुण असेल तर त्याचा परिणाम शरीरावर होणार, नको तिथेही होणार. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, आणि थायरॉईडची गोळी चालू असलेल्या बाईने ती मनानेच घेणं धोक्याचं आहे. जिंको रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांबरोबर घेतला तर रक्तस्रावाची भीती वाढते, आणि अ‍ॅन्जिओप्लास्टी झालेली माणसं आता गावोगाव आहेत. याहून गंभीर गोष्ट शिशाची. २००४ मध्ये अमेरिकी संशोधकांनी बोस्टन परिसरातल्या दुकानांतून दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक औषधं विकत घेऊन तपासली. त्यांतल्या १४ औषधांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. शिसं लहान मुलाच्या बुद्ध्यांकावर घाला घालतं, आणि त्यासाठी ते थोडंही पुरतं. बुद्धी वाढावी म्हणून पुष्य नक्षत्र पाहून तान्ह्या बाळाला सोन्याचे थेंब पाजणाऱ्या आईने एवढं तरी विचारावं: या बाटलीची जड धातूंसाठी तपासणी झाली आहे का, आणि तिचा कागद कुठे आहे?

मग येतो अनुभव. ‘माझ्या मुलाला फरक पडला.’ पडलाही असेल. ज्या महिन्यात डबा आला त्याच महिन्यात मोबाइल काढून घेतला गेला, क्लास लागला, आई रात्री शेजारी बसू लागली. आपल्यासाठी घरच्यांनी एवढे पैसे घातले, हे कळल्यावर मूलही नेटाने बसतं. या सगळ्याचं श्रेय चमचाभर पावडरीला जातं. ज्यांना फरक पडला नाही ते आईबाप कधी व्यासपीठावर बोलावले जात नाहीत. आणि मुलाच्या मनात एक गोष्ट बसते, तिचा मला सगळ्यांत जास्त त्रास होतो: माझ्या डोक्यात काहीतरी कमी आहे, ते बाहेरून आणून भरावं लागतं. एखाद्या प्रमेयाला अडलेल्या मुलाला समजावून सांगणारं माणूस हवं असतं. रात्री एकपर्यंत जागून सकाळी सहाला क्लासला जाणाऱ्या मुलाला झोप हवी असते, कारण दिवसा शिकलेलं पक्कं होण्याचं मोठं काम झोपेतच होतं.

आमचं आळे हे ज्ञानेश्वरांच्या रेड्याच्या समाधीचं गाव. पैठणला ज्याच्या मुखातून वेद उमटले त्याची समाधी इथे आहे, या भावनेने दूरदूरची माणसं येतात, माथा टेकतात. ‘तिथे पुरावा मागता का?’ असं मला एकदा वादात विचारलं गेलं. नाही मागत. समाधीपुढे हात जोडणाऱ्याला कुणी मार्क वाढवून देण्याचं आश्वासन दिलेलं नसतं आणि त्याचा हप्ताही ठरलेला नसतो. पैसे घेऊन परिणामाची हमी देणाऱ्याने पुरावा द्यावाच लागतो. श्रद्धेच्या आडोशाला उभं राहून माल विकणं हा श्रद्धेचाही अपमान आहे.

परवान्याचं थोडक्यात. डब्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक असतो आणि तो ‘सरकारमान्य’ म्हणून दाखवला जातो. तो अन्न विकण्याचा परवाना आहे, स्मरणशक्ती वाढते याचा दाखला नाही. २०१६च्या नियमांनुसार अशा पूरकांच्या डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना छापावी लागते. भिंग घेऊन शोधा, सापडेल. औषध म्हणून विकायचं तर औषध नियमांच्या अनुसूची ‘जे’मध्ये असे आजार आणि अशा गोष्टी दिल्या आहेत की ज्यांवर इलाज असल्याचा दावा औषधाला करता येत नाही. स्मरणशक्ती वाढवणं त्या यादीत आहे. १९५४चा आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा मेंदूच्या विकारांवरच्या औषधांच्या जाहिरातींना मनाई करतो. म्हणून छापील पत्रकात शब्द जपून वापरलेले असतात आणि खरे दावे ओट्यावर बसून तोंडी केले जातात. ते लिहून मागा. लिहून दिले तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

सर्वांत मोठी हरकत म्हाताऱ्या माणसांसाठी आहे. मुलाच्या बाबतीत बहुतेक वेळा पैसे जातात. म्हाताऱ्यांच्या बाबतीत वेळ जातो, आणि तो परत मिळत नाही. सत्तरीतली आजी दोनदा तिखट घालते, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारते. घरचे म्हणतात वय झालं, आणि मेंदूचं टॉनिक आणतात. सहा महिने जातात. त्या विसरण्यामागे बी-१२ची टंचाई असू शकते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ घटतं, ही चांगली माहीत असलेली गोष्ट आहे, आणि अशी गोळी घेणारं कुणी नाही असं घर आता विरळा. थायरॉईड मंदावलेला असू शकतो. नवरा गेल्यानंतरचं न बोललेलं नैराश्य असू शकतं. महिन्यापूर्वी मोरीत पडल्यावर डोक्यात हळूहळू साचलेलं रक्त असू शकतं. कधी नुसतं ऐकू कमी येत असतं, आणि जे ऐकूच आलं नाही ते लक्षात कसं राहणार? यांतली बरीच कारणं वेळेवर सापडली तर उपाय आहे. बी-१२ फार काळ कमी राहिलं तर मात्र नसांना झालेली इजा पूर्ण भरून येईलच असं नाही. टॉनिकच्या बाटलीने ते सहा महिने खाल्लेले असतात.

२०२४ मध्ये ‘लॅन्सेट’च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता किंवा लांबवता येण्याजोगी १४ कारणं मांडली. ती सगळी हाताळली तर जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश रोखता किंवा पुढे ढकलता येईल, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात कमी शिक्षण, बहिरेपण, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, दारू, डोक्याला मार, एकटेपणा, अधू दृष्टी आहे. रक्तदाबाची गोळी रोज घेणं, मोतीबिंदू काढणं, कानाचं यंत्र लावणं, हेल्मेट घालणं, पारावर जाऊन चार माणसांत बसणं, ही मेंदूची खरी काळजी आहे.

आता विकणाऱ्यांना सोडून आपल्याकडे बघू. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं, आणि ते न खाणाऱ्या मुलांना केळं, द्यायचं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी बंद केला आणि द्यायचं तर लोकवर्गणीतून द्या, असं शाळांना सांगितलं. मेंदूसाठी खात्रीने उपयोगी पडणारं अन्न ताटातून गेलं, तेव्हा जुन्नर-आंबेगावच्या किती ग्रामसभांत त्यावर आवाज उठला? त्याच काळात शाळांचे वर्ग आणि मंदिरांचे सभामंडप मेंदूच्या पावडरीच्या मीटिंगांना मिळत राहिले.

माझी मागणी साधी आहे. शाळेने, पतसंस्थेने, देवस्थानाने आपली जागा अशा विक्रीसाठी देऊ नये. त्याऐवजी वर्षातून एकदा त्याच जागेत मुलींचं हिमोग्लोबिन आणि साठीपुढच्यांचे कान, डोळे, रक्तदाब, साखर तपासावी. निळी गोळी शिक्षकांनी समोर उभं राहून, जेवणानंतर, पोरींच्या पोटात जाईल अशी द्यावी. आणि अंड्याचा निधी परत सुरू करावा असा ठराव येत्या ग्रामसभेत मांडावा. तो निधी येईपर्यंत वर्गणी काढायची असेल तर एका डब्याच्या किमतीपासून सुरुवात करता येईल. माझी पहिली पावती फाडायला मी तयार आहे.